ऐब झाकावा, जुलूम झाकू नये

'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी मराठीत म्हण आहे. आपल्या घरांत हीच गोष्ट 'घर की बात घर में' अशा शब्दांत सांगितली जाते. दोन्हींत शहाणपण आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. नवरा-बायकोतील कुरबुर, भावाभावांतील पैशाची ओढाताण, मुलाचे नापास होणे, सासऱ्यांच्या डोक्यावरचे कर्ज, या गोष्टी गल्लीभर सांगत सुटणाऱ्या माणसाला कोणी चांगले म्हणत नाही. इस्लामने तर या शहाणपणाला नेकीचा दर्जा दिला आहे. जो दुसऱ्याचे ऐब झाकतो त्याचे ऐब अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, या आशयाची हदीस आपण लहानपणीच मकतबमध्ये शिकलेलो असतो. गीबत हे किती किळसवाणे कृत्य आहे, ते सूरह हुजुरातने सांगितले आहे. पर्दापोशी हा आपल्या संस्कारांचा भाग आहे आणि तो चांगला भाग आहे.

प्रश्न उभा राहतो तो झाकलेली मूठ मारणाऱ्याची असते तेव्हा. शेजारच्या खोलीत दर आठवड्याला एका बाईला मारहाण होते आणि सारा मजला ते जाणतो. एखादी मुलगी ठराविक नातेवाईक घरी येणार असला की शाळेतून घरी जायला टाळाटाळ करते. अशा वेळी गप्प राहणे ही पर्दापोशीची नेकी ठरते, की आपण त्या जुलमात भागीदार होतो? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत स्पष्ट आहे. आपण ते सोयीने विसरलो आहोत.

आधी या मौनाचा आकार पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. याच सर्वेक्षणात दुसरा आकडा आहे, तो मला अधिक अस्वस्थ करतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कुठे तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला काही सांगितले. मुलांचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. छळणाऱ्यांपैकी निम्मे तरी मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. हे आकडे सर्व धर्मांचे, सर्व जातींचे आहेत. मूठ सगळीकडेच झाकलेली आहे.

आता परंपरेकडे वळू. आपल्याकडे हक्कांचे दोन भाग मानले जातात. एक हुकूकुल्लाह, म्हणजे बंद्यावर असलेले अल्लाहचे हक्क. दुसरे हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवर असलेले हक्क. नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो बंदा आणि त्याचा रब यांच्यातला मामला आहे आणि अल्लाह माफ करणारा आहे. पण कोणाचे पैसे बुडवले, कोणाला मारले, कोणाची अब्रू घेतली, तर ज्याचा हक्क मारला गेला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही, हे प्रत्येक मौलवी साहेब शिकवतात. हाच भेद पर्दापोशीला लावून पाहावा. माणसाचा जो ऐब त्याच्या आणि अल्लाहच्या मधला आहे, तो झाकणे नेकी आहे. पण जे कृत्य दुसऱ्याच्या देहावर आणि मनावर घडले आहे, ते जुलूम आहे. ते आपण परस्पर झाकतो तेव्हा त्या दुसऱ्याच्या वतीने माफी देऊन टाकतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कुरआन आणि हदीसमध्ये याचे दाखले आहेत. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्ट उघड बोलणे अल्लाहला पसंत नसल्याचे सांगताना ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला त्यातून वगळले आहे. इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत कोणत्या सहा प्रसंगी जायज ठरते ते लिहिले आहे. त्यांतला पहिलाच प्रसंग पीडिताने न्याय देऊ शकणाऱ्याकडे तक्रार करण्याचा आहे. फातिमा बिन्ते कैस यांना लग्नाचे दोन पैगाम आले आणि त्यांनी प्रेषितांचा सल्ला विचारला. तेव्हा त्यांतला एक जण खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही, असे प्रेषितांनी त्यांना स्पष्ट सांगितले. ही हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. आपल्याकडे मात्र रिश्त्याची चौकशी करायला कोणी आले की मुलाच्या मारकुट्या स्वभावाबद्दल सारे शेजारी अवाक्षर काढत नाहीत, आणि त्यालाच शराफत म्हणतात. हबीबा बिन्ते सहल यांना नवऱ्याने मारून जखमी केले होते, असे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. त्या पहाटेच्या अंधारात थेट प्रेषितांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. घरची गोष्ट घरातच ठेव, असे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांची खुलाची मागणी मान्य झाली.

सूरह निसाच्या ३४ व्या आयतीचा आधार कोणी तरी घेईलच, म्हणून तेही बोलू. तिच्यातील एका शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. जुन्या भाष्यकारांनीही इजा होता कामा नये, चेहऱ्यावर हात उचलता कामा नये, अशी बंधने घातली आहेत. पण ज्यांच्या सुन्नतवर चालण्याचा आपण दावा करतो त्यांनी कधी कोणा स्त्रीवर वा नोकरावर हात उचलला नाही, अशी साक्ष हजरत आयशा यांनीच दिलेली आहे. ही साक्ष असताना मारहाणीसाठी आयत शोधणाऱ्याला सुन्नत नको आहे, सबब हवी आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ठाण्याची राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याणचा दूधनाका, बैलबाजार, गोविंदवाडी हा आमचा परिसर. कल्याणच्या आणि मुंब्र्याच्या जुन्या कोकणी मुसलमान मोहल्ल्यांत जमातीचे बुजुर्ग होते, कोणाची लेक कोणाच्या घरी दिली हे सर्वांना ठाऊक होते. त्या व्यवस्थेने अन्यायही झाकले, पण निदान विचारणारे कोणी तरी होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबे जिवाच्या भीतीने मुंब्र्यात आली. नंतर उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून माणसे येत राहिली. आज एका मजल्यावर पाच घरे पाच गावांची असतात. बाईचे माहेर आजमगढला किंवा महाडला, नवरा पहाटेच्या लोकलने जाणारा आणि रात्री उशिरा येणारा. मधल्या भिंती मात्र इतक्या पातळ, की पलीकडचा कुकर किती शिट्ट्या देतो तेही मोजता येते. जुना बुजुर्ग गेला आणि नवा शेजारी अजून शेजारी झालेला नाही. या पोकळीत हिंसा सुखाने राहते.

शेजाऱ्याने काय करावे? तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे, इस्लामला मंजूर नाही. ते योग्यच आहे. पण डोकावणे वेगळे आणि भिंतीतून आलेली किंकाळी ऐकणे वेगळे. किंकाळी आपण शोधायला गेलेलो नसतो, तीच आपल्याकडे आलेली असते. २००८ साली 'ब्रेकथ्रू' या संस्थेने 'बेल बजाओ' नावाची मोहीम काढली होती. तिच्या दूरदर्शनवरील जाहिरातींत पलीकडून मारहाणीचा आवाज येतो, शेजारी उठतो, दाराची बेल वाजवतो आणि काही तरी किरकोळ मागतो. आत काय चालले आहे ते तो विचारत नाही. आवाज बाहेर ऐकू येतो, एवढेच मारणाऱ्याला कळते. ज्या जुलमाला रोखायला एवढे पुरते, तिथे एवढे न करण्याला कोणते कारण देता येईल? जालिम भावालाही मदत करावी आणि ती मदत म्हणजे त्याचा हात धरणे, ही बुखारीतील हदीस याच अर्थाची आहे.

पण बेल वाजवून सारे सुटत नाही. मौनाच्या मुळाशी बदनामीची भीती आहे आणि ती खोटी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन मुलीची फिर्याद दाखल झाली. तिच्यावरचे अत्याचार त्या वर्षीच्या जानेवारीपासून चालू होते. आरोपींची संख्या तीसच्या वर गेली. सुरुवात झाली होती ती एका चित्रफितीच्या धमकीने. बदनामीची भीती हेच त्या मुलांचे हत्यार होते, आणि ते हत्यार त्यांच्या हाती समाजाने दिले होते. आपले कळले तर दोष आपल्यालाच लागेल, हे त्या मुलीला कोणी तरी फार आधी शिकवलेले असणार.

मौनाची दुसरी बाजू बदलापूरला दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. फिर्याद नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले. शाळेच्या व्यवस्थापनावर माहिती न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. २० ऑगस्टला संतप्त जमावाने बदलापूर स्थानकात तासन् तास लोकल रोखून धरल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गोळीने मेला, आणि अनेकांना न्याय झाल्यासारखे वाटले. पण त्या मुलींचे ऐकायला आणि पालकांना धीर द्यायला त्या शाळेत, त्या ठाण्यात पहिल्या दिवशी कोण होते, हा प्रश्न गोळीने सुटत नाही. आपल्याकडे दोनच अवस्था उरल्या आहेत, एक संपूर्ण मौन आणि दुसरी तमाशा. पीडितेला दोन्हींची भीती वाटते. म्हणून ती पहिली निवडते.

मदतीचे जे कार्यक्रम चालतात त्यांचे नैतिक महत्त्व मला इथे वाटते. मौन आणि तमाशा यांच्यामध्ये ते एक तिसरी जागा तयार करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसूनही तिथे गणवेशातला माणूस नसतो, समाजकार्य शिकलेली बाई असते. पुढे ही पद्धत महाराष्ट्रभर गेली. २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उघडले. 'दिलासा' हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकाच अर्थाने नांदतो, म्हणून मला तो विशेष आवडतो. त्यामागचा विचार साधा आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांत जात नाही, पण दवाखान्यात जाते. 'मोरीत घसरले' असे सांगते. परिचारिकेला प्रशिक्षण असेल तर घसरण्याची जखम आणि ठोशाची जखम यांतला फरक तिला कळतो. समुपदेशक त्याच इमारतीत असल्याने बाईला घरी वेगळे कारण सांगावे लागत नाही. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'स्नेहा' संस्था धारावीत वस्तीतल्याच बायकांना तयार करते. आधी ऐकून घेणे, मग दवाखान्यात, ठाण्यात, वकिलाकडे सोबत जाणे, हे काम त्या करतात.

आपल्या समाजातल्या बायकांनीही हे काम केले आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, आणि तलाकपीडित स्त्रियांना बोलायला एक व्यासपीठ मिळाले. १९८० च्या दशकात मुंबईत 'आवाज-ए-निस्वां' उभी राहिली. तिचे काम पुढे मुंब्र्यातही पोहोचले, तिथे मुलींसाठी 'रहनुमा' वाचनालय चालले. मुंब्र्याच्याच 'परचम' गटाने २०१२ च्या सुमारास मुलींचे फुटबॉल सुरू केले आणि मुलींनी मैदानासाठी सह्या गोळा केल्या. फुटबॉलचा आणि हिंसेचा काय संबंध, असे कोणी विचारील. ज्या मुलीला मैदानावर दहा मैत्रिणी आहेत तिच्याजवळ सांगायला दहा माणसे आहेत. ७७ टक्क्यांचा आकडा कमी होतो तो अशाने.

इथे एक अवघड गाठ आहे. रहस्य झाकू नये म्हणजे ते कोणीही फोडावे का? नाही. मी म्हणते ते एवढेच, की रहस्याची मालकी पीडितेची आहे. मारणाऱ्याची नाही, सासरची नाही, जमातीची नाही आणि मदत करणाऱ्याचीही नाही. प्रौढ स्त्रीने कोणाला, कधी, किती सांगायचे ते तिने ठरवावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाने कोणाही व्यक्तीला संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजाऱ्यांनी हे जाणून ठेवावे. पण जिवाला धोका नसेल तर आधी त्या बाईला विचारावे. तिच्या वतीने शूर होणे सोपे असते, त्या रात्री त्याच घरात तिला झोपायचे असते.

मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा २१ व्या कलमानुसार गुन्हा आहे. मुलगी जेव्हा शिक्षिकेला म्हणते, 'टीचर, किसी को मत बताना,' तेव्हा तसे वचन देता येत नाही. द्यायचे वचन हे असते, की ज्यांनी मदत करायलाच हवी त्यांनाच सांगेन, वर्गाला, गल्लीला कळू देणार नाही, आणि तुझी काही चूक नाही. कायदाही मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. म्हणजे कायद्यातही पर्दापोशी आहे, पण ती मुलाची आहे, गुन्हेगाराची नाही. आपल्या नैतिक विचाराने हीच जागा गाठायला हवी.

आता दोन आक्षेप. पहिला असा, की आधीच सारे जग आपल्याकडे बोट दाखवते, त्यात आपणच आपली धुणी बाहेर धुवावीत का? मुंब्र्याचा पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते अनुभवलेल्या माणसाची ही वेदना मी समजू शकते. दूषित हेतूने आपल्या बायकांचा कळवळा दाखवणारेही आहेत. पण त्यांच्या भीतीने गप्प बसण्याची किंमत कोण मोजते? बोलणारे मोजत नाहीत. ती बैलबाजारातल्या किंवा कौशातल्या एखाद्या खोलीत मोजली जाते. कौमच्या अब्रूचे ओझे कौममधल्या सर्वांत दुबळ्या व्यक्तीच्या पाठीवर ठेवणे हा इन्साफ नव्हे. सूरह निसाची १३५ वी आयत तर स्वतःच्या, आईबापांच्या आणि नातलगांच्या विरुद्धही न्यायाची साक्ष द्यायला सांगते.

दुसरा आक्षेप सुलहचा. कुरआननेच दोन्ही कुटुंबांतून एकेक पंच नेमायला सांगितले आहे, मग बाहेरच्यांची गरज काय? ही सूचना सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत आहे आणि ती सुंदर आहे. पण पंच नेमणे तिलाही मंजूर असायला हवे आणि तिच्या बाजूचा पंच खरोखर तिच्या बाजूचा असायला हवा. मार चालू असताना केलेली सुलह म्हणजे मार खाण्याचा करार होतो. आधी हात थांबला पाहिजे, तिची सुरक्षा पक्की झाली पाहिजे, मग बोलणी. आणि बलात्कारात, मुलांवरच्या अत्याचारात तर सुलह हा शब्दच निघता कामा नये.

आपण काय करू शकतो ते फार मोठे नाही. मशिदीच्या कमिटीने किंवा शाळेने आठवड्यातून एक दुपार एक खोली मोकळी द्यावी. तिथे प्रशिक्षण घेतलेल्या दोन बायका बसाव्यात. मोत्यांचे काम, शिलाई, कशाच्याही निमित्ताने बायकांना तिथे येता यावे, म्हणजे येणारीकडे कोणी बोट दाखवणार नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर उर्दूत आणि मराठीत लिहावेत. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून एकदा नव्हे, चारदा मारहाणीवर बोलले जावे, कारण पुरुषांना पुरुषांनी सांगितलेले लागते. रिश्त्याची तहकीकात करायला कोणी आले तर खरे सांगावे. मुलग्यांच्या वर्गात राग, नकार आणि दुसऱ्याच्या देहाची मर्यादा यांवर बोलावे. हिंसा थांबवण्याचे काम मुलींना सावध करून संपत नाही, ते मुलग्यांपासून सुरू होते.

कोणाचा ऐब दिसला तर तो झाकण्याची शिकवण आपण सोडू नये. एखाद्याची गरिबी, एखादीचे अपयश, कोणाची जुनी चूक आपण जरूर झाकावी. पण ज्या गोष्टीखाली दुसऱ्या कोणाचा श्वास कोंडतो आहे, तिच्यावरची चादर आपण ओढून धरू नये. कयामतच्या दिवशी आपण कोणाचे काय झाकले हे विचारले जाईल, तसे कोणाचा आवाज आपल्या भिंतीपर्यंत आला होता हेही विचारले जाईल. त्या दिवसाची वाट न पाहता आपापल्या मोहल्ल्यातली ती एक खोली आपण या वर्षी उघडावी.